भिंतीपलीकडची टणक अंडी

मला आयुष्यात दोनच गोष्टींनी छळलंय. एक माझा डावा गुडघा आणि दुसरी माझी धाकटी जाऊ. गुडघ्याला निदान मलम चोळता येतं.

आमची घरं एकमेकांना चिकटून. मागच्या अंगणात मधोमध भिंत, माणसाच्या उंचीची. दोघा भावांचं, म्हणजे आमच्या नवऱ्यांचं, एकदा कशावरून तरी बिनसलं आणि दोघांनी मिळून ती बांधली. हो, मिळून! एक विटा द्यायचा, दुसरा रचायचा, तोंडातून शब्द नाही. भिंत छातीला लागली तेव्हा एकाच्या पायावर वीट पडली, दुसरा हसला, मग दोघंही हसले, चहा झाला. पण कालवलेलं सिमेंट वाया कशाला घालवायचं म्हणून भिंत पुरी केली. आता दोघेही नाहीत. भिंत ठणठणीत आहे. अलीकडे मी, पलीकडे ती. मी चौऱ्याहत्तरची, ती एकाहत्तरची. विचारलंत तर एकोणसत्तर सांगेल.

तिचं सगळंच माझ्याहून बरं. केस अजून निम्मे काळे. मी काठी टेकत चालते, ती हात हलवत. हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी एकाच दिवशी जातो, एकाच बाकावर बसतो आणि एकाच कंपनीच्या कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन येतो. तिच्या हाडांचा फोटो बघून डॉक्टर म्हणतात, "वा!" माझा बघून चष्मा पुसतात. सासूबाई होत्या तेव्हा दुधावरची साय धाकटीच्या कपात, आणि माझ्या वाट्याला, "तू थोरली ना, तू समजूतदार." समजूतदारपणा काय कपात घालून पिता येतो?

हे सगळं मी गिळलं. कोंबड्यांचं मात्र गिळवेना.

दीड वर्षापूर्वी आम्ही दोघींनी मिळून ऐंशी तलंगा आणल्या. तलंगा म्हणजे अंड्यावर यायला टेकलेल्या पोरसवदा कोंबड्या. एकाच गाडीतून उतरल्या, एकाच दिवशी जन्मलेल्या. उगाच पुढे तोंडातोंडी नको म्हणून आम्ही पत्ते वाटतात तशा वाटल्या. एक तुला, एक मला, एक तुला, एक मला. चाळीस-चाळीस. दोघींचं पत्र्याचं खुराडं सारखं, दोघींचं खाद्य एकाच दुकानातलं, पाणी एकाच नळाचं. वर्षभर अंडीही सारखी. बेकरीवाला सकाळी सायकल घेऊन यायचा, आधी तिच्या दारात, मग माझ्या दारात. आणि माझ्या दारात उभा राहून माझी एखादी गोष्ट ऐकायचा, कारण गोष्टी काही धाकटीला सांगता येत नाहीत. ती खरंच बोलते. खरं बोलणाऱ्या माणसाकडे कोण थांबतं?

मग कोंबड्या जुन्या व्हायला लागल्या, आणि माझी अंडी तडकायला लागली.

तडकायला म्हणजे कशी? कवच इतकं पातळ, की आतला बलक हसतोय की रडतोय ते बाहेरून दिसायचं. एकदा सुनेला शिंक आली, तर टोपलीतली दोन अंडी फुटली. एका अंड्यावर माशी बसली, ती उठेपर्यंत चार पायांचे चार खड्डे. सून म्हणते, माशीला सहा पाय असतात. बरं, सहा खड्डे.

बेकरीवाल्याची एक रीत आहे. दोन अंडी एका हातात घ्यायची आणि कानाशी नेऊन हलकेच एकमेकांवर वाजवायची. चांगलं असलं तर 'टण' करतं, तडा गेला असला तर 'थप'. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या कानाला कळतो. भिंतीपलीकडून सकाळी आवाज यायचा टण, टण, टण, टण, जसं काही देवळात घंटा वाजवतायत. मग तो माझ्याकडे यायचा. टण, थप, टण, थप, थप.

"आजी," तो एक दिवस म्हणाला, "राग मानू नका, पण धाकट्या आजींच्या अंड्यांना तोड नाही. काल एक हातातून निसटलं, फरशीवर पडलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. तसंच्या तसं!"

"फरशी फुटली असेल," मी म्हटलं.

तो हसला, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सुनेला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, की धाकटीचं अंडं जिन्यावरून घरंगळलं आणि तीन पायऱ्यांचे तुकडे झाले, अंड्यावर ओरखडा नाही. तिची टिंगल करावी म्हणून मी हे पसरवलं. झालं उलटंच. चार बायका भांडी घेऊन तिच्याकडे अंडी घ्यायला गेल्या. माझ्याच थापेने तिची जाहिरात झाली. बघा, माझं नशीब!

आणि त्याच आठवड्यात माझा लेक जेवताना म्हणाला, "आई, कोंबड्या आता काढायला झाल्या. एका ट्रेला नऊ-दहा अंडी तडकतात. महिनाअखेरीस गाडी येईल, सगळ्या देऊन टाकू. नव्या तलंगा आणू."

गाडी म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यांची गाडी. त्यातून कोंबड्या खाटकाकडे जातात, परत येत नाहीत.

"सासूबाईपण?" मी विचारलं.

सासूबाई म्हणजे माझी एक कोंबडी. तांबडी, मानेवरची पिसं झडलेली. मान वाकडी करून एका डोळ्याने बघते आणि आपण काही चुकीचं केलंय असं आपल्याला वाटायला लागतं. हुबेहूब आमच्या सासूबाई. खऱ्या सासूबाईंना कुठे धाडायची हिंमत मला कधी झाली नाही, तर हिला गाडीत घालायची आता कुठून होणार?

"सगळ्या म्हणजे सगळ्या," लेक म्हणाला.

"आणि धाकटीच्या?"

"काकूच्या कशाला? तिची अंडी चांगली आहेत."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. एकाच गाडीतून उतरलेल्या, एक तुला एक मला केलेल्या कोंबड्या. माझ्या जाणार, तिच्या राहणार. उद्या लोक म्हणणार, थोरलीला कोंबड्या सांभाळता आल्या नाहीत, धाकटीने बघा कशा ठेवल्यात. आणि ती भिंतीवरून मान काढून म्हणणार, "अरेरे, जाऊबाई." ते 'अरेरे' मला आधीच ऐकू यायला लागलं.

"ट्रेमध्ये किती तडकली तर ठेवशील?" मी लेकाला विचारलं.

त्याने विचार केला. पोरगा सरळ आहे, बापावर गेलाय. "तीसच्या ट्रेमध्ये तीन. महिनाअखेरच्या शनिवारी बेकरीवाल्यालाच वाजवून बघायला सांगू. चौथं थप वाजलं की रविवारी गाडी."

चार आठवडे होते हातात.

मी माझ्या गोळ्यांची बाटली उचलली. डॉक्टर म्हणाले होते ना, हाडं मजबूत करतात? हाड पांढरं, कवच पांढरं. मी तीस गोळ्या कुटून एकदम खाद्यात मिसळल्या. स्वतः आठवडाभर एकही घेतली नाही. वाटलं, माझं काय, मी काही अंडी घालत नाही. आठवड्याने बेकरीवाला आला. टण, थप, थप, टण. काडीचा फरक नाही, उलट माझा गुडघा दुखायला लागला.

तेव्हा मला संशय आला. धाकटी काहीतरी घालते. तीही त्याच कंपनीच्या गोळ्या आणते, पण तिचे गुडघे धडधाकट आहेत, म्हणजे गोळ्या ती स्वतः खाते. मग कोंबड्यांना काय घालते?

भिंतीत एक वीट निखळून भोक पडलंय. मुलं लहान असताना त्यातून पत्रं टाकायची. आता तिथे मी चिंधी कोंबून ठेवलेली. उन्हं उतरायच्या वेळेला मी चिंधी काढली, स्टूल घेऊन बसले आणि एक डोळा लावला. सासूबाई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तीही एका डोळ्याने बघायला लागली. आम्ही दोघी तशाच, बराच वेळ.

धाकटी बाहेर आली. हातात जुनी, कडा उडालेली पांढरी परात. परातीत पांढरे, करडे तुकडे, मसुराएवढे, काही नखाएवढे. तिने परात खुराड्याच्या दाराशी ठेवली आणि कोंबड्या अशा तुटून पडल्या, जसं काही लग्नघरचं जेवण. आणि आवाज! कटर्र, कटर्र. दगड खात होत्या. दगड खाऊन रात्री झोपायला जात होत्या.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांकडे गेली. त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. मागच्या दाराने तिच्या अंगणात शिरले, परातीतून मूठभर तुकडे रुमालात बांधले आणि निघाले. तिची एक कोंबडी माझ्याकडे बघून ओरडली. मी तिला म्हटलं, "ओरड, ओरड. एका गाडीतून आलीस, विसरलीस का?"

रुमाल घेऊन थेट खाद्याच्या दुकानात. दुकानदाराने तुकडा बोटांत चोळला.

"हा शिंपल्यांचा चुरा, आजी. थोडी चुनखडी पण आहे. धाकट्या आजी हाच नेतात. जुन्या कोंबड्यांना लागतो. कसंय, कोंबडी म्हातारी होते तसं अंडं मोठं होतं, पण कवचाला माल तेवढाच. मीटरभर कापडात आधी पोराचा सदरा शिवायचात, आता बापाचा शिवायचाय. कुठंतरी उसवणारच."

"मी माझ्या गोळ्या घातल्या होत्या," मी हळूच म्हटलं. "तीस."

तो इतका हसला की खाद्याच्या पोत्यावर बसला. "अहो आजी! एका कोंबडीला दिवसाला चार ग्रॅम कॅल्शियम लागतं. तुमची आख्खी बाटली म्हणजे एका कोंबडीचा चार दिवसांचा खुराक. तुमच्याकडे चाळीस! बाहेरून मिळालं नाही तर ती बिचारी स्वतःच्या हाडांतून काढते आणि अंड्याला लावते. मग लंगडायला लागते."

मी माझ्या गुडघ्याकडे बघितलं. तीन पोरं झाली मला. मला कुणी कोंबडी म्हणालं नाही एवढंच.

"दहा किलो दे," मी म्हटलं.

"देतो. पण हे कसं द्यायचं, ते जरा..."

"अरे, मी काय आज कोंबड्या पाळतेय का?" मी म्हटलं आणि निघाले. लेक संध्याकाळी पोतं घेऊन आला.

आता इथे माझं डोकं चाललं. इतकं चाललं, की पार पुढे निघून गेलं. मी तो चुरा हातात घेतला. टोकदार, कडक. मी माझ्या कवळीवरून जीभ फिरवली. मला साधं दाण्याचं कूट लागतं बारीक, आणि या माझ्या म्हाताऱ्या लेकी दगड कशा चावतील? धाकटी आहेच निष्ठुर, टाकते तसाच. मी नाही तसली. मी त्यांना मऊ करून देणार. आणि माझी अंडी तिच्याहून सरस होणार, कारण मी जीव लावते आणि ती नुसती परात ठेवते.

मग रोज दुपारी मी खलबत्ता घेऊन अंगणात बसले. ठक, ठक, ठक. चुऱ्याचं पीठ केलं, पीठ कापडातून गाळलं, वर राहिलेलं पुन्हा कुटलं. खांदे भरून आले. सकाळी ताज्या खाद्यात मिसळून द्यायची, रिकाम्या पोटी औषध लागतं म्हणून. आणि जास्तच घालायची, धाकटीपेक्षा मागे राहायला नको म्हणून.

कोंबड्यांनी दाणे वेचून खाल्ले, पीठ तळाशी ठेवलं. मी दाण्यांना पाण्याचा हात लावून पीठ चिकटवलं, तर त्यांनी खाणंच कमी केलं. चोची पांढऱ्याफटक, जसं काही सगळ्याजणी पावडर लावून नाटकात काम करायला निघाल्यात. पाण्याच्या भांड्यात चुन्याची निवळी. त्या पाण्याने आम्ही स्वयंपाकघर रंगवलं असतं. सासूबाईने तर मान वाकडी करून माझ्याकडे अशी बघितली, की मला माझ्या लग्नानंतरचा पहिला चहा आठवला. त्यात मी साखरेऐवजी मीठ घातलं होतं.

आणि अंडी? तीसमध्ये अकरा थप. मग बारा. एक अंडं तर कवचाशिवायच आलं, नुसती पिशवी. तळहातावर घेतलं तर थरथरलं. हे काही मी वाढवून सांगत नाहीये.

भिंतीपलीकडे मात्र टण, टण, टण. मी सकाळी कानात बोटं घालून बसायला लागले. भिंतीवरून मान काढून ती म्हणायची, "जाऊबाई, कान दुखतोय का हो?" मी म्हणायची, "नाही गं, तुझा आवाज फार गोड लागतो म्हणून जपून ऐकते."

गाडीच्या आधीचा रविवार आला. शनिवारला सहा दिवस राहिले. मी खलबत्ता घेऊन बसले होते आणि हात चालत नव्हता. डोळ्यांत पाणी होतं, ते चुन्याच्या धुळीचं असं मी स्वतःला सांगत होते.

तेवढ्यात भिंतीतली चिंधी हलली. आतून एक डोळा.

"जाऊबाई, थांबलात का? कुटा की. तुमचा ठोका नसला की मला दुपारची झोप लागत नाही."

"किती दिवस ऐकतेयस?"

"पहिल्या दिवसापासून. दहा दिवस झाले. आधी वाटलं मसाला असेल. मग म्हटलं, इतका मसाला खाऊन घर जळून जाईल. मग तुमच्या कोंबड्यांच्या चोची बघितल्या आणि कळलं."

"आणि बसलीस गप्प? मिठाची गुळणी धरून?"

"बसले," ती म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही हे मी मघाशी सांगितलंच. "मजा येत होती. चोरी करून माल नेलात आणि त्याचं पीठ केलंत. अहो, माझी कोंबडी तुमच्यावर ओरडली ते समोरच्या घरात ऐकू गेलं होतं."

माझा चेहरा उतरला. तो तिला त्या भोकातून कितपत दिसला, ठाऊक नाही.

"भरड का टाकत नाही?" तिने विचारलं.

"म्हाताऱ्या झाल्यात गं त्या! दात..."

मी बोलता बोलता थांबले. पण पलीकडे ते पोचलं होतं. मग ती हसायला लागली. अशी हसली, की भिंतीवरचं कावळ्याचं पिल्लू उडालं.

"अहो जाऊबाई! कोंबडीला तरुणपणी तरी दात होते का?"

चौऱ्याहत्तर वर्षांचं माझं शहाणपण त्या एका वाक्याने खुराड्यात कोंबलं. मी हसणार नव्हते. अगदी ठरवलं होतं. पण ओठ माझं ऐकेनात.

ती हसून हसून दमली, मग म्हणाली, "ऐका. भरड तुकडा तिच्या पोटातल्या जात्यात राहतो. रात्रभर हळूहळू विरघळतो. आणि कवच रात्रीच बनतं. तुम्ही सकाळी पीठ देता, ते संध्याकाळपर्यंत वाहून जातं. रात्री कवच बनवायच्या वेळेला हातात काही नाही. म्हणून संध्याकाळी द्यायचं, वेगळ्या भांड्यात. जिला हवं ती खाईल. खाद्यात कालवू नका. मी दुकानदाराला विचारलं होतं. तुम्ही कधी कुणाला काही विचारता?"

"आज का सांगतेयस?" मी म्हटलं. "दहा दिवस मजा बघितलीस, अजून सहा दिवस बघितली असतीस."

डोळा भोकातून बाजूला झाला, पुन्हा आला.

"सकाळी पिंजरेवाला आला होता. घर चुकला, माझ्या दारात आला. म्हणाला, रविवारी चाळीस न्यायच्यात, आधी बघून जातो. मला काही बोलला नाहीत तुम्ही गाडीचं."

"तुला सांगू? त्यापेक्षा जीभ झडली असती."

"झडली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "तुमच्या दारात तो बेकरीवाला अर्धा अर्धा तास उभा असतो. माझ्या दारात अंडी वाजवतो आणि निघतो. माझी अंडी दगडासारखी, तरी तो हसतो तुमच्याकडे. मी इकडे दाराआड उभी राहून ऐकते. अर्धं ऐकू येतं, शेवट कधीच ऐकू येत नाही, कारण शेवटाला तुम्ही आवाज खाली घेता."

हे मला नवीन होतं. इतकी वर्षं मीच एकटी जळत होते असं वाटत होतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना चूल पेटलेली होती तर.

"आणि तुमच्या कोंबड्या गेल्या," ती म्हणाली, "तर मी जळवू कोणाला? चांगल्या अंड्यांची मजा काय, पलीकडे थप वाजलं तरच. आता उठा. ते पीठ फेका आणि पोत्यातला भरड घ्या. माझी जुनी परात देते."

परात भोकातून येईना, म्हणून ती पुढच्या दाराने आली. हात हलवत. मला काठी टेकत उठावं लागलं. तेही मी गिळलं.

त्या संध्याकाळी माझ्याही अंगणात आवाज झाला. कटर्र, कटर्र. सासूबाईने पहिला तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलं आणि गिळला. आयुष्यात पहिल्यांदा मी वाढलेलं सासूबाईंना आवडलं.

सोमवारी दहा थप. मंगळवारी नऊ. बुधवारी मी बेकरीवाल्याला दारातूनच हाकललं, की आज गोष्ट नाही, आधी वाजव. सहा. गुरुवारी पाच. शुक्रवारी मी विचारलंच नाही. नजर लागेल असं वाटलं. माझीच.

शनिवार. अंगणात टेबल मांडलेलं. त्यावर ट्रे. लेक उभा, सून उभी, बेकरीवाला बाह्या सरसावून. मी स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून. सकाळी मी खुराड्यातून अंडी गोळा केली आणि ट्रेमध्ये लावली आणि मोजली. एकोणतीस! एक खाच रिकामी. आता लेक म्हणणार, बघ, अंडीसुद्धा कमी झाली.

पाठीमागे चिंधी सरकली. भोकातून हात आला, हातात अंडं. "घ्या आणि गप्प लावा," धाकटी कुजबुजली. मी घेतलं. शेवटच्या खाचेत लावलं. कुणी बघितलं नाही.

बेकरीवाल्याने वाजवायला सुरुवात केली. टण. टण. टण. टण. मी श्वास मोजत होते. आठव्याला थप. सून म्हणाली, "एक." टण, टण, टण. सोळाव्याला थप. "दोन." मग बराच वेळ टण. माझं मन वर चढायला लागलं. चोविसाव्याला थप. "तीन."

आता सहा राहिली. पंचविसावं टण. सव्विसावं टण. सत्ताविसावं हातात घेतलं आणि तो कान खाजवायला थांबला. त्याला मी काठीने मारणार होते. टण. अठ्ठाविसावं टण. एकोणतिसावं सासूबाईचं, मोठं, एका बाजूला खरबरीत. मी ओळखते. त्याने दोनदा वाजवलं. टण, टण.

राहिलं एक. धाकटीचं. मी निर्धास्त झाले. तिची अंडी कधी तडकलीयत का? पायऱ्या तडकतात, अंडी नाही.

थप.

"चार," सून पुटपुटली. लेकाने मान खाली घातली. "आई, मी..."

आणि मी काय केलं? मी रडायला हवं होतं. माझ्या चाळीस कोंबड्या गाडीत जाणार होत्या. पण मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी काठीशिवाय उठून उभी राहिले आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "ते माझं नाही! ते धाकटीचं आहे! धाकटीचं अंडं थप वाजलं! ऐकलंत ना सगळ्यांनी? थप!"

लेक बघतच राहिला. "आई, म्हणजे तू काकूचं अंडं घुसडलंस?"

"घुसडलं! मग?"

"म्हणजे आपली एकोणतीस," सून पटकन म्हणाली, "आणि थप तीनच."

बेकरीवाला टेबल धरून हसत होता. लेकाने आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीतल्या भोकाकडे. मग त्याने खिशातून फोन काढला आणि पिंजरेवाल्याला सांगितलं, रविवारी येऊ नका.

मी भोकाशी गेले. "धाकटे, ऐकलंस का गं? थप!"

"ऐकलं," आतला डोळा म्हणाला. "मुद्दाम तडकलेलंच दिलं होतं."

"खोटं बोलतेस!"

"मला कुठं खोटं बोलता येतं?"

मी विचारात पडले. "म्हणजे माझ्या कोंबड्या घालवायला निघाली होतीस?"

"छे हो. माझं थप ऐकायची मजा तुम्हालाही एकदा मिळू दे म्हटलं. तुम्ही ओरडणार, हे मला ठाऊक होतं. माझं अंडं तडकलं आणि जाऊबाई गप्प बसल्या, असं कधी होईल का?"

आता ती खरं बोलली की आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलायला शिकली, हे मला आजवर कळलेलं नाही. यावरून मी अजून जळते. माझ्याकडे एकच कला होती, तीही आता तिला यायला लागली की काय?

बेकरीवाला आता सकाळी माझ्या दारात आला, की मी त्याला गोष्ट सांगते, आणि शेवटाला आवाज खाली घेत नाही. उलट भिंतीकडे तोंड करून जरा वरच्या पट्टीत सांगते. पलीकडून एक डोळा दिसतो. माझ्या बाजूने सासूबाईचा एक डोळा असतो. आणि शेवट झाला, की धाकटी भोकातून ओरडते, "जाऊबाई, माशीला सहा पाय असतात!"